खांबाचा सौदा

बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये वाद मिटवायला ग्रीसचा एक रिकामा डबा होता. झाकणाला भलंमोठं भोक पाडलेला, भिंतीवर खिळ्याला टांगलेला. वाद हातघाईवर आला की फोरमन तो खाली काढायचा. मग एकेकाने बाकीच्यांकडे पाठ करून त्यात एक वस्तू टाकायची. नट म्हणजे हो, बोल्ट म्हणजे नाही. शेवटी फोरमन डबा टेबलावर उपडा करणार, मोजणार, आणि जो निकाल लागेल तो सगळ्यांनी मुकाट मान्य करायचा, असा तिथला कायदा. पंखा कुणाच्या अंगावर वारा घालेल हे या डब्याने ठरवलं होतं. एकदा टायरवाल्याने लग्न करावं की नाही यावरही मतदान झालं होतं. चार बोल्ट पडले आणि एक नट. टायरवाल्याने तरीही लग्न केलं, कारण तो एक नट त्याचाच होता.

त्या गुरुवारी डबा खाली येणार हे सकाळपासूनच दिसत होतं. आदल्या संध्याकाळी बातमी आली होती की खांबाला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं.

खांब म्हणजे शहराच्या बास्केटबॉल संघाचा सर्वांत जुना खेळाडू. सोळा वर्षं एकाच संघात. तो बास्केटखाली उभा राहिला की समोरच्याला वळसा घालून जावं लागायचं, म्हणून खांब. त्याचं खरं नाव त्याच्या पाठीवर लिहिलेलं असायचं, पण ते फक्त पंच घ्यायचे. आता वय सदतीस, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, सामन्यात जेमतेम पंधरा-अठरा मिनिटं खेळायचा आणि उरलेला वेळ गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या ठेवून बाकावर बसायचा. संघाचे तर तीनतेरा वाजले होते. बत्तीस सामन्यांत सव्वीस हार. तेव्हा मालकांनी ‘नव्याने बांधणी’ जाहीर केली. याचा सरळ अर्थ असा, की पुढची तीन-चार वर्षं आम्ही असेच हरणार आहोत, तुम्ही तिकिटं काढत राहा. बांधणीची सुरुवात खांब काढून झाली. बदल्यात दोन कोवळी पोरं आली, आणि पुढच्या दोन वर्षांत नवे खेळाडू निवडताना आधी हात घालायचा हक्क.

फोरमनने ही बातमी ऐकली तेव्हा तो घरी नातवाला मांडीवर घेऊन बसला होता. दोन महिन्यांचं ते पोर, लेक बाळंतपणाला आली ती अजून इथेच होती. एरवी त्याने जागच्या जागी वैद्यला फोन केला असता. वीस वर्षं दोघांच्या खुर्च्या शेजारी होत्या, अकराव्या रांगेत, सात आणि आठ. संघ जिंको, हरो, वर्षाची तिकिटं काढायचीच. खांब या संघात पहिल्यांदा उतरला तो दिवस दोघांनी मिळून पाहिला होता, आणि पहिल्याच सामन्यात तो स्वतःच्याच बुटाच्या नाडीत अडकून पडला तेव्हा वैद्य म्हणाला होता, “हा टिकणार.” त्या दिवशी मात्र फोरमनने फोन हातात घेतला आणि परत ठेवला. वैद्यचाही आला नाही.

वैद्य म्हणजे काही औषधं देणारा नव्हे. डेपोतला सगळ्यांत जुना डिझेल मेकॅनिक. चालू इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि दोन मिनिटांनी सांगायचं की तिसऱ्या सिलिंडरला खोकला झालाय. त्याचं निदान कधी चुकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून वैद्य. बायको जाऊन आठ वर्षं झाली, मूलबाळ नाही. डेपो, खुर्ची नंबर आठ, आणि सणासुदीला फोरमनच्या घरचं जेवण, एवढ्यावर त्याचं आयुष्य बरं चाललं होतं. खिशात एक नट कायम असायचा, उलट्या आट्यांचा. जुन्या बसच्या डाव्या चाकांना असे नट असत, म्हणजे चाक फिरताना ते ढिले होत नाहीत. दुरून ओळखू यावेत म्हणून त्यांच्या कोपऱ्यांवर बारीक खाच पाडलेली असते. आयुष्यात खोललेल्या पहिल्या चाकाचा तो नट होता. सामना रंगात आला की वैद्य तो अंगठ्याने घासत बसायचा. घासून घासून तो आरशासारखा झाला होता.

फोरमनने फोन केला नाही, याचं कारण त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. सोमवारी मुख्य कचेरीतून पत्र आलं होतं. नव्याने बांधणी डेपोचीही चालली होती. डिझेलच्या जुन्या गाड्या टप्प्याटप्प्याने दूरच्या डेपोत जात होत्या आणि त्यांच्या जागी विजेच्या येत होत्या. त्या गाड्यांना कितीही कान लावा, काही ऐकू येत नाही. पत्रात लिहिलं होतं की दूरच्या डेपोला डिझेलचा एक जाणकार हवा आहे. फोरमन किंवा ज्येष्ठ मेकॅनिक. सोमवारपासून, निवृत्तीपर्यंत. नाव गुरुवारी सकाळी दहाच्या आत कळवावे.

फोरमन किंवा ज्येष्ठ मेकॅनिक. डिझेलची जाण असलेले डेपोत दोघेच उरले होते, आणि नाव कळवायचं काम त्या दोघांतल्या एकाकडे होतं. चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात तसं झालं. दूरचा डेपो म्हणजे सात तासांचा रस्ता. तिथे खोली मिळते, एकट्या माणसाला पुरेल अशी.

तीन दिवस फोरमनच्या घशाखाली घास उतरेना. बायकोने विचारलं तेव्हा त्याने पत्र दाखवलं. ती बराच वेळ वाचत राहिली, एवढंसं पत्र. मग म्हणाली, “अहो, बाळाला आत्ता कुठे तुमची ओळख पटायला लागलीय.” थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून म्हणाली, “भाऊजींना काय, मागेपुढे कोणी नाही.” बुडत्याने काडी धरावी तसं ते वाक्य फोरमनने घट्ट धरलं. मागेपुढे कोणी नाही. गुरुवारी सकाळी पावणेदहाला त्याने वैद्यचं नाव लिहिलं आणि पाठवून दिलं. जेवणाच्या सुट्टीत त्याला बाजूला घेऊन सांगू, असं ठरवलं. तोंडावर, नीट, मित्रासारखं.

पण जेवणाच्या सुट्टीत रंगाऱ्याने सुरुवातच अशी केली की कुणाला बाजूला घ्यायची सोय राहिली नाही.

“मेल्यांचं वाटोळं होईल,” जेवणाच्या डब्याचं झाकण उघडता उघडता रंगारी म्हणाला. बसच्या अंगावर नंबर आणि पट्टे रंगवणारा हा माणूस, बोलायला लागला की हातवारे असे करायचा की शेजारच्याने आपला डबा सांभाळावा. “घर दुरुस्त करायचं म्हणून कोणी खांब काढतं का? सांगा मला! भिंत पाडा, छप्पर उतरवा. खांब काढला तर राहिलं काय?”

“खांबाला वाळवी लागलीय,” आकडेवाली म्हणाली. ही विजेच्या गाड्यांसाठी नव्याने आलेली मुलगी, सव्वीस वर्षांची. कोणाचे किती गुण, किती झेल, किती चुका, सगळं तिला तोंडपाठ, आणि पुराव्यासाठी फोन सदैव हातात. “तो मैदानावर असताना आपण दर सामन्यात नऊ गुणांनी मागे पडतो. बाकावर असताना दोनने. हे मी म्हणत नाही, आकडे म्हणतात.”

“आकडे काहीही म्हणतील. आकड्यांना लाज असते का?”

“दोन नवी पोरं मिळाली, काका. एकोणीस-वीस वर्षांची. पाच वर्षांनी तुम्हीच नाचाल.”

“पाच वर्षांनी मी असेन का?”

टायरवाला दोन्हीकडून बोलत होता. त्याची ती जुनी सवय. आकडेवाली बोलली की “हे मात्र खरं” म्हणायचा, आणि रंगारी बोलला की तेवढ्याच जोरात “हेही खरंच.” वैद्य कोपऱ्यात आपल्या स्टुलावर बसला होता. डबा उघडा होता आणि अर्ध्याहून जास्त तसाच होता.

“सौदा बरोबरच आहे,” फोरमन म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. वीस वर्षांत या माणसाने एकदाही मालकांची बाजू घेतली नव्हती. पाऊस पडला तरी तो मालकांना शिव्या द्यायचा. आणि खांबावर त्याचा एवढा जीव, की घरात खांबाचा फोटो होता, सासऱ्यांच्या फोटोपेक्षा मोठा.

“म्हणजे बघा,” फोरमन पुढे बोलत सुटला, कारण थांबलं तर जास्त वाईट दिसलं असतं. “माणूस कितीही चांगला असला तरी काळ बदलतो. इथे त्याला काय काम उरलंय? बाकावर बसून राहण्यापेक्षा तिकडे त्याची गरज आहे. तिकडे मान मिळेल. त्याच्याच भल्याचं आहे.”

“काय बोलताय फोरमनसाहेब!” रंगाऱ्याच्या हातातला चमचा हवेतच राहिला. “ताप आलाय का?”

वैद्यने डब्याचं झाकण लावलं. “सौद्याचं मला काही नाही,” तो हळूच म्हणाला. तो बोलायला लागला की सगळे गप्प बसत, कारण कान देऊन ऐकणारा माणूस बोलतो कमी. “देणार असतील. गुडघे गेलेत हे त्यालाही कळतं. पण त्याला कळलं कसं, ते वाचलंत का?”

“टीव्हीवर ना?” आकडेवाली म्हणाली.

“सरावाच्या आधी घोट्याला पट्टी बांधून घेत होता. समोर टीव्ही चालू. खाली बातम्या सरकत होत्या. पट्टी बांधणाऱ्या बाईने आधी वाचलं, आणि तिचे हात थांबले. हात का थांबले म्हणून त्याने वर बघितलं.” वैद्यने डब्याची कडी लावली. “सोळा वर्षं. एकाने येऊन सांगायला काय हरकत होती?”

“सांगणार असतील,” फोरमन म्हणाला. “वेळ मिळाला नसेल.”

“हं.”

“सोपं नसतं रे असं सांगणं.”

“सोपं नसतं,” वैद्य म्हणाला. “म्हणून तर ते स्वतः सांगायचं असतं.”

फोरमनच्या मनात आलं, आत्ता उठावं, वैद्यच्या दंडाला धरावं, बाहेर न्यावं आणि सांगून टाकावं. पाय उचललेच नाहीत. तेवढ्यात आकडेवालीने टेबलावर थाप मारली. “काढा डबा! सौदा बरोबर की चूक, होऊन जाऊ दे.” फोरमन उठला तो डबा काढायला. त्याला तेवढंही निमित्त पुरलं.

एकेक जण पाठ करून गेला. रंगाऱ्याने बोल्ट इतक्या जोरात टाकला की गुप्त मतदानाचा अर्थच राहिला नाही. फोरमनने नट टाकला. सकाळी पावणेदहाला जे केलं तेच पुन्हा केल्यासारखं वाटलं. सगळ्यांत शेवटी वैद्य गेला. टाकलं, आणि मागे न वळता तसाच तीन नंबरच्या खड्ड्याकडे चालू लागला, जिथे खाली उतरून दुरुस्त करायची त्याची गाडी उभी होती.

फोरमनने डबा उपडा केला. दोन बोल्ट. तीन नट.

“तीन?” रंगारी ओरडला. “पोरीचा एक, साहेबांचा एक. तिसरा कुणाचा? टायरवाल्या, घरभेद्या!”

“माझा बोल्ट आहे! आईशपथ बोल्ट आहे!”

फोरमनने तिसरा नट तळहातावर घेतला. कोपऱ्यांवर खाच होती. आरशासारखा झालेला तो नट अजून खिशातल्या उबेने कोमट होता. समोर परात भरून साधे नट पडलेले असताना वैद्यने हा टाकला होता, म्हणजे तो चुकून पडला नव्हता.  त्याने मूठ मिटली आणि रंगारी आणि टायरवाल्याला भांडत सोडून तो तीन नंबरकडे गेला.

वैद्यने आपली हत्यारांची पेटी उघडली होती. जमिनीवर एक जुनी चादर पसरून तिच्यावर पाने मांडत होता, लहानाकडून मोठ्याकडे. शेजारी वहीचा कागद होता आणि त्यावर यादी. सहाचा, सातचा, आठचा, दहाचा. फोरमन ती यादी बघत उभा राहिला आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या धंद्यात मेकॅनिकची हत्यारं त्याची स्वतःची असतात. म्हणून माणूस बदलून येणार असं कळलं की तिकडचा फोरमन आधी त्याला फोन करतो आणि विचारतो, पेटीत काय काय आहे, बाकीचं आम्ही मागवून ठेवतो. ही रीत होती. फोरमन झाल्यापासूनच्या नऊ वर्षांत त्याने स्वतः असे फोन कितीतरी जणांना केले होते. आणि आज तेवढंच त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

“कधी आला फोन?” त्याने विचारलं.

“सव्वादहाला.” वैद्य मान वर न करता म्हणाला. “चांगला माणूस वाटला. म्हणाला, बेअरिंग ओढून काढायचे मोठे पुलर आमच्याकडे आहेत, तुमचे आणू नका, ओझं होईल. मी म्हटलं, कशाबद्दल बोलताय? तर बिचारा अडखळायलाच लागला.”

सव्वादहा. नाव पाठवून जेमतेम अर्धा तास झाला होता. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत, स्टुलावर बसून, अर्धा डबा तसाच ठेवून, हा सगळं ऐकत होता. तिकडे मान मिळेल. त्याच्याच भल्याचं आहे.

“मी सांगणारच होतो रे. सुट्टीत.”

“माहीत आहे. मी वाट बघत होतो.” वैद्यने बाराचा पाना उचलला, फडक्याने पुसला, जागेवर ठेवला. “खांबाचं काढलं ते त्यासाठीच. म्हटलं, धागा मिळेल तुला. नंतर कळलं, तुझ्याने नाही व्हायचं. म्हणून माझा नट टाकला, मला कळलंय आणि मान्य आहे हे तुला कळावं म्हणून. नाहीतर उगाच रात्रभर तळमळत बसशील.”

फोरमनला रडू येत होतं, आणि रडायचा हक्क आपल्याला नाही हेही कळत होतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो नको तेच बोलला. “घरी बाळ आहे… तुला तसं मागेपुढे कोणी नाही, म्हणून मला वाटलं…”

वैद्यचा हात थांबला.

“असं वाटलं होय तुला?” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर फोरमनला बरं वाटलं असतं. “मला वाटायचं, तुम्ही आहात.”

बाहेर विजेची एक गाडी आवाज न करता आत आली आणि पलीकडच्या खड्ड्यावर उभी राहिली. फोरमनने मूठ उघडून नट पुढे केला.

“राहू दे तुझ्याकडे,” वैद्य म्हणाला. “सामन्याला लागेल. तिकडे कुठला आलाय सामना.”

पत्रात ‘फोरमन किंवा’ असंही होतं, हे त्याच वेळी सांगायला हवं होतं. फोरमनने सांगितलं नाही. वरून ज्येष्ठ मेकॅनिकच मागितला होता, असं काहीतरी पुटपुटला, आणि वैद्यने मान डोलावली. रविवारी सकाळच्या गाडीने वैद्य गेला. पोचवायला सगळे आले. रंगाऱ्याने पेटीवर त्याचं नाव सुरेख अक्षरात रंगवून दिलं होतं आणि आकडेवाली, जिचं आकड्यांवाचून पान हलत नसे, तिने आज फोन खिशातून बाहेरच काढला नव्हता. फोरमनच्या बायकोने डबा बांधून दिला, सात तासांना पुरेल त्याच्या दुप्पट. “येत जा हं भाऊजी,” ती म्हणाली. वैद्य “येईन की वहिनी” म्हणाला. बाळाच्या गालाला त्याने बोट लावलं, पण बोटाला काळं असेल म्हणून आधी शर्टाला पुसून घेतलं.

सहा आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी, खांब परत आला. पाहुणा म्हणून. त्याच्या नव्या संघाचा सामना इथेच होता.

फोरमन एकटाच गेला. जावई म्हणाला होता येतो, आकडेवालीही म्हणाली होती. फोरमनने दोघांना काहीतरी थाप मारली. आठ नंबरच्या खुर्चीवर त्याने आपला कोट ठेवला, कोणी बसू नये म्हणून. मागच्या रांगेत निवृत्त शाळामास्तरीणबाई बसायच्या, वीस वर्षांची ओळख. पंचांनाही त्या वर्गातल्या पोरांसारख्या दरडावायच्या.

“जोडीदार कुठाय तुमचा? इतके सामने झाले, दिसले नाहीत.”

“बदली झाली त्यांची.”

“अगं बाई! या वयात? कोणी केली?”

“वरून आली ऑर्डर,” फोरमन म्हणाला आणि मैदानाकडे बघायला लागला.

खांब बाहेर आला. अंगात हिरवा वेश, डोळ्यांना खटकणारा. निवेदकाने नाव घेतलं, खरं नाव, आणि बारा हजार माणसं उभी राहिली. टाळ्या थांबेनात. खांब मैदानाच्या मधोमध उभा होता आणि हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. फोरमनने फोन काढला आणि वैद्यला लावला.

“काय रे?” पलीकडे इंजिनाचा धडधडाट. “रविवारची ड्युटी आहे, खड्ड्यात आहे मी.”

“ऐक.” फोरमनने फोन उंच धरला.

“थांब, थांब. गाडी बंद करतो.” धडधडाट थांबला.  वैद्य म्हणाला, “खांब ना?”

“हो.”

“चालतोय कसा?”

“डाव्या पायावर भार देऊन.”

“म्हणजे आहे तसाच आहे.” मग म्हणाला, “रडतोय का?”

“चेहरा पुसतोय.”

“अरे, तू. तू रडतोयस का?”

फोरमन उत्तर देणार तोच मोठ्या पडद्यावरचं चित्र बदललं. खुर्चीत बसून टाळ्या वाजवणारा संघाचा व्यवस्थापक दिसला, ज्याने सौदा केला होता आणि तोंडावर सांगितलं नव्हतं. सगळ्या प्रेक्षागृहातून एकदम हुर्यो उठली. पायांनी जमीन बडवत, तोंडाशी हात धरून, म्हातारेकोतारेसुद्धा ओरडत होते. मास्तरीणबाई तर खुर्चीवर चढायच्या बेतात होत्या.

“हुर्यो कोणाला?” वैद्यने विचारलं.

“व्यवस्थापकाला. पडद्यावर दाखवलं त्याला.”

“अस्सं.” वैद्य ऐकत राहिला, स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकायचा तसा. “तुझा आवाज नाही त्यात.”

“नाही.”

“का?”

वीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसापुढे खोटं किती दिवस धरून ठेवायचं? फोरमनच्या छातीत सहा आठवडे अडकलेलं एकदम वर आलं. “पत्रात ‘फोरमन किंवा ज्येष्ठ मेकॅनिक’ असं होतं,” तो म्हणाला. “माझं नाव घालता आलं असतं मला. मी घातलं नाही.”

पलीकडे कुणीतरी पाना खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“माहीत आहे,” वैद्य म्हणाला. “पत्राची प्रत इथे भिंतीवर लावलीय. पहिल्याच दिवशी वाचली.”

म्हणजे दर रविवारी वैद्य फोन करत होता, बाळाला दात आले का विचारत होता, रंगाऱ्याची चेष्टा करत होता, आणि सगळं ठाऊक होतं. फोरमन खाली बसला, कोट होता त्या आठ नंबरच्या खुर्चीवर.

“कर की मग,” वैद्य म्हणाला.

“काय?”

“हुर्यो. मी ऐकतोय.”

फोरमन उठला. फोन एका हातात होता, दुसऱ्या मुठीत नट. त्याने तोंड उघडलं आणि ओरडला. पहिल्यांदा आवाज फाटला, मग सुटला, आणि मग थांबवता येईना. पडद्यावरून व्यवस्थापक गेला, लोक दमून बसायला लागले, आणि अकराव्या रांगेत हा एक पांढऱ्या केसांचा माणूस डोळे मिटून हुर्यो करत होता, गालांवरून पाणी वाहत होतं. मास्तरीणबाईंनी मागून त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. “शाब्बास! असाच पाहिजे मेल्याला!”

श्वास संपला तेव्हा त्याने फोन कानाला लावला.

“हां,” वैद्य म्हणाला. “आला आवाज.”  “ठेवतो आता. चारच्या फेरीला ही गाडी सुटायचीय.”

पण फोन बंद करायचं तो विसरला असावा. पलीकडे खड्ड्यातून वर चढल्याचा आवाज आला, दार आपटलं, आणि इंजिन सुरू झालं, खोकत खोकत. मग खोकला कमी झाला. इकडे पंचांनी शिट्टी वाजवली आणि खेळ सुरू झाला, खांब हिरव्या वेशात धावायला लागला. फोरमन फोन कानाला घट्ट लावून बसून राहिला.